काळ्या सुयांचा चैत्र

सोलापुरात चैत्र निम्मा सरला की दुपारी दोननंतर उन्हातल्या काचेला हात लावू नये. हे मला कुणी शिकवलं नाही, चटके बसून कळलं. माझा धंदा काचेचा. लोणच्याच्या बरण्या, बाटल्या, कंदिलाच्या चिमण्या, आणि शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांना लागणाऱ्या परीक्षानळ्या, चंचुपात्रं, नरसाळी. दुकान नवी पेठेत, गोदाम शुक्रवार पेठेत. सुरुवात कुंभारी गावाहून सायकलवर रिकाम्या बाटल्या आणण्यापासून झाली. आठवीनंतर शाळा नाही. पण काचेवर नख मारून आवाज ऐकला की ती नीट निववलेली आहे की घाईत उरकलेली, हे मी सांगतो. अजून तरी चुकलेलो नाही.

गोदामाखाली तळघर आहे. बारा पायऱ्या उतरल्या की दगडी उंबरा, मग दार, मग अंधार. चुन्याचा आणि पेंढ्याचा वास. वर रस्त्यावर डांबर चपलेला चिकटत असतं आणि खाली माठाला पाठ लावून बसल्यासारखं वाटतं. चैत्र-वैशाखात दुपारी दुकान बंद करून मी तिथल्या शेवटच्या पायरीवर येऊन बसतो. डोकं थंड राहतं, असं मी म्हणतो. घरातले म्हणतात, डोक्याचं काही खरं नाही, अंग तेवढं थंड राहतं.

यंदा तिथेच बसलेलो असताना फोनवर निरोप आला. ‘काका, मी सोलापुरात परत आलेय. तळघर मोकळं आहे का? आणि एक विचारायचं होतं.’ खाली नाव, लावण्या.

दोन वर्षांत एक शब्द नाही, आणि आता तळघर मोकळं आहे का. माझे कान तापले. फोन पायरीवर पालथा ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा वाचला. ‘एक विचारायचं होतं’ या तीन शब्दांशी मी अडलो. काय विचारायचं असेल ते मला ठाऊक होतं. म्हणूनच राग आला, की रागाच्या आधी दुसरं काही आलं, हे अजून नीट सांगता येत नाही.

तीन वर्षांपूर्वी पाडव्याच्या तोंडावर ती पहिल्यांदा आली, तीही अशाच दुपारी. खांद्याला पिशवी, तोंडाला स्कार्फ, हातात टॉवेलात गुंडाळलेली काच. दुकान बंद दिसलं म्हणून विचारत विचारत गोदामावर आली होती.

“दुकान पाच वाजता उघडतं,” मी म्हणालो.

“पाचपर्यंत ही नळी उन्हात कशी ठेवू, काका?”

टॉवेल उघडला. दोन उभ्या नळ्या, मधे एक आडवी, इंग्रजी एच अक्षरासारख्या जोडलेल्या. आडव्या नळीत घट्ट बसवलेली पांढरी, सच्छिद्र काचेची चकती. एका बाजूला केसाएवढी चीर. मी नख मारलं. नळी चांगली होती, जोड घाईचा होता. तशीच दुसरी माझ्याकडे होती. एका कंपनीने सामान मोडीत काढलं तेव्हा मी उचललेली. खाली जाऊन आणली आणि किंमत सांगितली. मनात अर्ध्यावर सोडायचं ठरवलेलं होतं. तिने मी सांगितलेली किंमत मान्य केली. घासाघीस नाही, तोंड वाकडं करणं नाही. मला एकदम काही चोरल्यासारखं वाटलं.

पण तिचं लक्ष किमतीकडे नव्हतंच. ती नळी गालाला लावून उभी होती.

“काका, ही इतकी गार कशी? कुठे ठेवली होती?”

तिला घेऊन मी बारा पायऱ्या उतरलो. आत ती पुढे झाली. भिंतीला हात लावला, जमिनीला लावला, मग खाली बसून तळवा बराच वेळ फरशीवर टेकवून राहिली. डॉक्टर नाडी बघतो तसं.

“हितं काही हलत नाही,” ती म्हणाली, जणू देवळात आली होती.

तिचं घर यंत्रमागांच्या वस्तीत. वडिलांचे माग घराला लागूनच. ती म्हणाली, आमच्याकडे ताटातल्या आमटीलाही दिवसभर कंप असतो. विद्यापीठाची प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर, शेजारी जनरेटर, आणि उन्हाळ्यात वीज गेली की खोली भट्टी. आणि तिला वाढवायचे होते स्फटिक. त्यांना लागते शांतता, अंधार आणि एकसारखी हवा. चार आठवडे.

“कसले स्फटिक?”

“सेंद्रिय अतिसंवाहक.”

“सेंद्रिय म्हणजे? शेणखतातलं?”

ती हसली ती थांबेना. मग पायरीवर बसून तिने समजावलं. तांबं वीज वाहतं हे मला माहीत आहे. डांबरगोळी वीज वाहत नाही हेही माहीत आहे. पण डांबरगोळी ज्या कार्बनची, त्याच कार्बनला गंधकाची जोड देऊन काही रेणू असे बनवता येतात की त्यांचे स्फटिक धातूसारखी वीज वाहतात. आणि फार म्हणजे फारच गार केले, हवासुद्धा गोठून जाईल त्याच्याही खूप खाली नेले, तर वीज अडतच नाही. कुठेही अडत नाही. वाहायला लागली की वाहतच राहते.

“ते झालं. पण तू काय करणार?”

“मी एका टोकाला किंचित ऊब देणार. दुसरं टोक गार ठेवणार. तेवढ्या फरकाने स्फटिकाच्या दोन टोकांमध्ये विजेचा दाब तयार होतो. अगदी बारीक. तो मोजायचा.”

“म्हणजे फरकावर धंदा.”

“हां, तसंच की!”

हे मला एका फटक्यात समजलं आणि फार आवडलं. माझं अख्खं आयुष्य फरकावर चाललेलं आहे. हितं एक भाव, तिथं एक भाव. याला गरज, त्याला अडगळ. दोन टोकं सारखी झाली की माझं काम संपलं. शिकलेली माणसं काहीतरी मोठं करतात असं वाटायचं. हे तर आमच्यासारखंच निघालं.

पण ती पुढे बोलली आणि तिथून माझा जो गोंधळ सुरू झाला तो आजतागायत मिटलेला नाही. म्हणाली, स्फटिक अतिसंवाहक झाला की हा दाब शून्य होतो. एक टोक उबदार आहे, एक गार आहे, फरक आहे तस्साच आहे, पण त्यातून काही मिळत नाही. शून्य.

“फरक असून काही मिळत न्हाय? मग त्याचा उपयोग काय?”

“तेच तर बघण्यासारखं आहे, काका.”

त्या उन्हाळ्यात मी गिऱ्हाइकाशी वाद घालता घालता मधेच गप्प व्हायचो. समोरचा म्हणायचा, शेठ, काय झालं? मी म्हणायचो, काही नाही, बोला. डोक्यात यायचं, की अशी एखादी जागा असेल का, जिथे दोघांत फरक आहे आणि तरी कुणाला कुणाकडून काही उकळायचं नाही? अशा ठिकाणी मी काय करणार? उभा कुठे राहणार?

तळघराचा व्यवहार त्याच पायरीवर ठरला. “भाडं किती घ्याल?” तिने विचारलं. मी म्हणालो, भाडं नको. तिने संशयाने बघितलं. बरोबरच होतं.

“तू हे जे छापणार, त्यात माझं नाव पायजे. पूर्ण. वडिलांच्या नावासकट.”

हे माझ्या तोंडून कसं निघालं ते सांगायला पाहिजे. फार वर्षांपूर्वी एका कॉलेजात मी चंचुपात्रांची पेटी पोचवली होती. आठ दिवसांनी बोलावणं आलं. अर्धी पात्रं तडकलेली. तिथल्या साहेबांनी पोरापोरींच्या समोर मला उभं करून विचारलं, “बाटलीवाले तुम्ही, तुम्हाला काचेतलं काय कळतं?” काच उत्तम होती. त्यांचा माणूस गरम पात्रं थेट नळाखाली धरत होता, हे मी मोरीकडे एकदा बघून ओळखलं होतं. बोललो मात्र नाही. पेटी उचलून आलो. तो दिवस आणि आजचा दिवस, छापलेलं पुस्तक बघितलं की मी आधी नावं बघतो.

लावण्या म्हणाली, “माझ्या गाइड सरांना विचारावं लागेल.”

“विचार. पण शब्द तू दे. सरांशी माझा व्यवहार न्हाय.”

“दिला.” मग तिने तिची अट सांगितली. अठ्ठावीस दिवस दार तिच्याशिवाय कुणी उघडायचं नाही. दिवा नाही. आत पेटी ठेवणं-उचलणं नाही.

“अठ्ठावीस न्हाय, एकवीस.”

“काका, स्फटिकाशी घासाघीस कशी करणार?”

तिथे मी हरलो. आयुष्यात फार कमी वेळा हरलो, त्यातली ही एक.

पाडव्याच्या तिसऱ्या दिवशी तिने सामान मांडलं. दगडी फरशीवर जाड टेबल, त्यावर माझीच नळी, तीत जांभळट द्रावण, दोन बाजूंना प्लॅटिनमच्या तारा, आणि छोटीशी बॅटरी. वीज किती? टॉर्चच्या दिव्याला लागते तिच्या लाखाव्या हिश्श्याहूनही कमी. मी म्हणालो, एवढीशी वीज देऊन काय होणार? ती म्हणाली, जास्त दिली तर घाईत चुरा होतो. कमी आणि एकसारखी दिली तर सुई होते. जाताना कडीला वडिलांच्या मागावरचा लाल दोरा बांधला. गाठ विणकराची, माझ्याने सुटली नसती.

आठवड्यातून एकदा ती यायची. दोरा सोडायची, मंद लाल उजेडात बघायची, नवा दोरा बांधायची. मग आम्ही पायरीवर बसायचो. तिच्या डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी, माझ्याकडे कलिंगड. वडिलांचा फोन आला की तेलुगूत भरभर बोलायची. मला त्यातला एकच शब्द ओळखू यायचा, ‘काका’, आणि मी सावरून बसायचो. तिसऱ्या आठवड्यात तिने मला आत बोलावलं. तारेच्या टोकाला काळ्या, चकचकीत सुया फुटल्या होत्या. लहान मुलाच्या पापणीएवढ्या. मी आयुष्यभर काच विकली, पण काच ही माणसाने वितळवून, फुंकून, बळजबरीने आकाराला आणलेली असते. हे आपोआप कोनाकोनात, जिथल्या तिथे येत होतं. मी श्वास धरून बघत राहिलो. त्या दिवशी दुकानात मी एकावरही ओरडलो नाही. शेजारच्या सराफाने विचारलं, तब्येत बरी आहे ना?

आता चैत्री अमावास्येचं.

दर अमावास्येला मी दुकानाच्या आणि गोदामाच्या उंबऱ्यावर नारळ फोडतो. धंदा सुरू केला तेव्हापासून एकही अमावास्या चुकलेली नाही. ताप असताना फोडला, वडील गेले त्या महिन्यात शेजाऱ्याकडून फोडून घेतला. नवी पेठेत, शुक्रवार पेठेत बहुतेक जण फोडतात. अमावास्येला सकाळी गल्लीत चालताना पायाखाली करवंटीचे तुकडे लागतात. गोदामाचा नारळ मी वर रस्त्याच्या दारात फोडत नाही. माल खाली असतो, म्हणून तळघराच्या उंबऱ्यावर फोडतो.

त्या सकाळी मी बारा पायऱ्या उतरलो. अठ्ठावीस दिवसांतले दोन उरले होते. दारावर लाल दोरा होता. मी शब्द आठवून बघितला, एक एक अट. दार उघडायचं नाही. दिवा लावायचा नाही. आत पेटी ठेवायची-उचलायची नाही. उंबरा दाराच्या बाहेर आहे. उंबऱ्याबद्दल काही ठरलेलं नाही. आयुष्यभर मी करार असेच वाचत आलो.

आणि त्या दिवशी मी दोन नारळ आणले होते. एक मालाचा. दुसरा त्या सुयांचा. कुणी सांगितलं नव्हतं, नेहमीचा एक घेताना दुसरा आपसूक उचलला. दोन्ही एका घावात फुटले, सरळ दोन वाट्या. शुभ.

उंबऱ्याचा दगड लांबच लांब आहे. तो दाराखालून तसाच आत गेलेला आहे आणि तिचं टेबल त्याच दगडावर होतं. हे मला माहीत नव्हतं असं म्हणता येत नाही. गोदाम घेतलं तेव्हा मी स्वतः वाकून तो दगड मोजलेला आहे.

दुसऱ्या दिवशी ती आली, दोरा सोडला, आत गेली आणि फार वेळ बाहेर आली नाही. मी आत गेलो. सुया तारेवर नव्हत्या. नळीच्या तळाशी तीळ सांडल्यासारख्या पडल्या होत्या. काही आडव्या तुटलेल्या.

“काका, कुणी आलं होतं का?”

“दार कुणी उघडलं न्हाय.”

“ते माहीत आहे हो. दोरा माझाच आहे.” ती पायरीवर बसली. “मोठा ट्रक गेला असेल गल्लीतून. नाहीतर माझ्याच बॅटरीत काही गडबड.”

तिने सकाळपासून खाल्लेलं नव्हतं. फडक्यात कालचं खोबरं होतं, गूळ होता. मी पुढे केला. अमावास्येचा प्रसाद म्हणून तिने कपाळाला लावला आणि खाल्ला.

हे मी त्या दिवशी घरी सांगितलं. मंडळींनी पोळपाट-लाटणं थांबवलं. “त्याच नारळाचं खोबरं दिलं तिला?”

“मग काय टाकून देऊ?”

“तुमाला कळतं का, तुमी काय केलं?” मग जरा वेळाने, “आणि तोंडातनं एक शब्द काढला न्हाय. वा रं शब्दाचा माणूस.”

लावण्याला दुसरं वाढवायला वेळ नव्हता. दूरच्या एका प्रयोगशाळेत मोजमापासाठी तिला ठरलेले दिवस मिळाले होते. पडलेल्या सुयाच कापसात ठेवून ती गेली. पुढचं वर्षभर तिचे फोन यायचे. सगळंच उलटं येत होतं. एका तुकड्यावर विजेचा दाब अधिक, दुसऱ्यावर उणे. पदार्थ तोच, ऊब तेवढीच. सर म्हणाले, तारा उलट जोडल्या असतील. तिने सुलट जोडल्या, पुन्हा तेच. सर म्हणाले, तुझे हात नीट नाहीत. सगळ्यांसमोर म्हणाले. ते ऐकताना मला ती चंचुपात्रांची पेटी दिसली. ओठावर आलं होतं. नाही बोललो.

शेवटी तिचं तिलाच उलगडलं. सुया एरवी एकाच दिशेने लांब असतात, तिने सवयीने लांबीला तारा जोडल्या. पण जे तुकडे आडवे तुटून आखूड झाले होते, त्यांची लांब बाजू म्हणजे खरं तर सुईची रुंदी होती. आणि या स्फटिकाचं असं, की एका दिशेने मोजला तर अधिक येतो, दुसऱ्या दिशेने मोजला तर उणे. चूक कुणाचीच नाही. दोन्ही खरं.

“काका, न तुटते तर मी आडवं मोजलंच नसतं,” ती फोनवर ओरडून सांगत होती. “एवढ्या बारीक सुईला आडव्या तारा कोण जोडणार?”

मी फोन ठेवला आणि विचार करत बसलो. म्हणजे मी तिचं वाटोळं केलं की भलं केलं? एका बाजूने बघितलं तर माझ्या नारळाने तिचं वर्ष खाल्लं. दुसऱ्या बाजूने बघितलं तर माझ्या नारळानेच तिला ते दिसलं. दोन्ही बाजूंना मीच. भाव ठरवताना मी असा कधी अडकत नाही.

तिने छापलेले कागद आणून दिले तोही उन्हाळाच होता. मी बोट ठेवून शेवटची आभाराची यादी वाचली. दोनदा वाचली. इंग्रजी मला कळत नाही, पण माझं नाव कसं दिसतं ते कळतं. नव्हतं.

“सरांनी काढलं, काका. मी लिहिलं होतं. ते म्हणाले, जिथे नमुना पडला त्या जागेचे आभार कसले मानायचे?”

“शब्द तुझा होता. सरांचा नव्हता.”

“मी भांडले हो त्यांच्याशी.”

“भांडली असतीस तर हितं दिसलं असतं.” आणि मग मी जे बोललो ते गल्लीने ऐकलं. शिकलेले सगळे एका माळेचे, काम होईपर्यंत काका, नंतर बाटलीवाला. ती उभी राहून ऐकत होती. तिच्या हातात डबा होता. तो न उघडता घेऊन गेली.

दोन वर्षं मी हे सगळ्यांना सांगितलं. सराफाला, चहावाल्याला, गिऱ्हाइकांना. पोरीने शब्द मोडला. सगळे मान हलवायचे. घरात मात्र मान हलायची नाही. “नाव पायजे म्हणं. दुकानाच्या पाटीवर हाय की एवढं मोठं,” एवढंच यायचं. माझं गाऱ्हाणं खरं आहे. आजही खरं आहे. शब्द दिला होता आणि पाळला गेला नाही. पण गाऱ्हाणं सांगून झाल्यावर दरवेळी माझ्या हाताला खोबऱ्याचा वास येतो. असं का व्हावं?

निरोपाला मी उत्तर दिलं, ‘ये.’ एकच अक्षर. ती आली. थोडी वाळलेली, केस कापलेले. इथल्याच एका कॉलेजात शिकवते आता. पायरीवर बसली, माझ्यापासून दोन पायऱ्या वर.

“काका, भांडण नंतर करू. आधी ऐका. मला नवीन स्फटिक वाढवायचेत. पण आधीच्या कामावर एका मोठ्या माणसाने शंका काढलीय. ते म्हणतात, सुया आपोआप पडल्या म्हणजे वीज एकसारखी नव्हती. म्हणजे स्फटिक आतून खराब असणार. म्हणजे माझं अधिक-उणे सगळंच खोटं. मी कारण ‘अज्ञात’ लिहिलं होतं. बाहेरून धक्का बसला असेल तर स्फटिक चांगले ठरतात. नसेल तर…” तिने पुढचं सोडून दिलं. “ट्रकबद्दल गल्लीत सगळ्यांना विचारलं मी. त्या दिवसाचं कुणाला आठवत नाही. तुम्ही रोज इथे असता. तुम्हाला काही आठवतं का?”

मला आठवत होतं. बोलायला तोंड उघडलं आणि सवयीने मनात हिशेब लागला. आत्ता सांगितलं तर दोन वर्षं गल्लीभर केलेला आरडाओरडा माझ्याच गळ्यात. शब्दाचा माणूस म्हणून मी जो काही आहे तो संपला. न सांगितलं तर ती खोटी ठरते, माझं गाऱ्हाणं खरं राहतं. फरक स्पष्ट होता. एरवी एवढा फरक दिसला की मला लगेच कळतं, कुठल्या बाजूला उभं राहायचं. त्या दुपारी काहीच कळेना. फरक तसाच होता आणि त्यातून काही निघत नव्हतं.

“उद्या सकाळी ये,” मी म्हणालो. “उद्या अमावास्या हाय.”

ती सकाळी आली. मी दार उघडून ठेवलं होतं. आत तेच टेबल, त्याच जागी. त्यावर काचेचा पेला, काठोकाठ पाणी. शेजारी दिवा.

“तू आत उभी राहा,” मी म्हणालो. “पाण्याकडं बघ. माझ्याकडं नको.”

मी उंबऱ्यावर बसलो आणि नारळ हाणला. एका घावात फुटला नाही. दुसरा घाव, तिसरा. मान वर केली तेव्हा ती पेल्यावर वाकलेली होती. पाणी काठावरून ओघळून टेबलावर आलं होतं, आणि पेल्यातल्या पाण्यावर अजून बारीक वर्तुळं उठत होती, मिटत होती.

ती सावकाश वळली. पायाने उंबऱ्याचा दगड चाचपत दारापर्यंत आली.

“आणि मला त्याचं खोबरं खायला घातलं.”

“व्हय.”

“एकच होता?”

“दोन. एक तुझ्या सुयांसाठी फोडला होता.”

ती हसेल असं मला वाटलं. मग वाटलं रडेल. तिने दोन्ही केलं नाही. उंबऱ्यावर माझ्याशेजारी बसली, पिशवीतून वही काढली, जुनं पान शोधलं. ‘कारण’ या शब्दापुढे लिहिलेलं तिने खोडलं. पेन थांबलं.

“तुमच्या साक्षीशिवाय हे कुणी धरणार नाही,” ती म्हणाली. “पूर्ण नाव सांगा.”

जन्मभर ज्याच्यासाठी भांडलो ते कुणीतरी आपणहून मागत होतं, आणि मला विचारायचं होतं की कुठे लिहिणार, आभारात की अपराधात. वर की खाली. एवढं तरी ठरवून घेतल्याशिवाय मी कधी काही दिलेलं नाही.

पाणी स्थिर झालं होतं. मी नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. ती लिहीत होती तेव्हा मी दुसरीकडे बघत होतो.